आधी वसुली, मग वैर

१९४८ सालच्या नोव्हेंबरच्या अखेरीस तीन माणसं हैदराबाद संस्थानात फिरायला निघाली. अलाहाबादचे पंडित सुंदरलाल, उर्दूतले नामवंत लेखक आणि हैदराबादच्या ‘पयाम’ या पत्राचे संपादक राहिलेले काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. भारतीय फौजांनी संस्थान ताब्यात घेतलं ती ‘पोलिस ॲक्शन’ होऊन दहा आठवडे उलटले होते. निजामाचं सैन्य शरण आलं होतं, रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी कोठडीत होता आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी तिरंगा लागला होता. तरीही खेड्यापाड्यांतून दिल्लीला ज्या बातम्या पोचत होत्या, त्यांनी नेहरू अस्वस्थ झाले होते. खरं काय घडलं ते बघून या, असं सांगून या तिघांना पाठवण्यात आलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात त्यांनी १६ पैकी ९ जिल्हे पाहिले आणि १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांची म्हणणी ऐकली.

त्यांच्या अहवालातलं मेलेल्यांच्या संख्येचं पान बहुतेकांना ठाऊक असतं. त्याकडे येईनच. पण मला त्यातली एक साधी नोंद जास्त मोलाची वाटते. रझाकारांच्या अत्याचारांबद्दल समितीची पूर्ण खात्री पटली होती आणि ते तिने स्पष्ट लिहिलं. ते लिहिताना तिने अत्याचारांची रीतही नोंदवली. रझाकार गावोगाव महिन्याची रक्कम ठरवत. जिथे ती मुकाट्याने दिली गेली तिथे सहसा पुढे काही झालं नाही. जिथे गाव अडलं तिथे लूट झाली, आणि लुटीला विरोध झाला तिथे जाळपोळ, खून आणि बायकांवर हात टाकणं सुरू झालं.

म्हणजे धर्माची घोषणा तोंडात होती, पण सुरुवात वसुलीपासून होत होती.

ही गोष्ट नेकनूरसारख्या गावावरून बघितली की लवकर उमगते. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना लागणारं बीड तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. हिंदू-मुसलमान दोघांची भरघोस वस्ती, आठवडी बाजार, जनावरांची खरेदी-विक्री. मराठवाड्यातल्या अशा गावांची घडण एकसारखी आहे. पाटील, कुलकर्णी, देशमुख हे वतनदार बहुधा हिंदू. मोमीन कापड विणणार, पिंजारी गाद्या-रजया भरणार, बागवान फळं-भाजी विकणार, मण्यार बांगड्या भरणार, तांबोळी पानं लावणार, अत्तार बुक्का-अत्तर विकणार, आणि मुलाणी तर गावगाड्यातला बलुतेदारच. बैलाचा सौदा व्हायचा तो रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी. एक बोट धरलं की किती, मूठ दाबली की किती, हे दोघांनाच कळायचं. दलाल मुसलमान, विकणारा मराठा, घेणारा वंजारी, आणि दोर वळून देणारा मांग, असा तो व्यवहार. या माणसांचं एकमेकांवर प्रेम होतं, असं मी म्हणणार नाही. शिवाशीव होती, सावकारी होती, एकमेकांच्या देवांबद्दल टवाळीही होती. पण पुढच्या बाजाराला तोंड दाखवायचं असे, आणि उधारीची वही दोन्ही बाजूंना बांधून ठेवत असे.

नेकनूरची दुसरी ओळख बंकटस्वामी महाराजांची. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिच्या पहिल्या फळीतलं हे नाव. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या नावाने ते फर्मान मराठवाड्यात कुप्रसिद्ध होतं. अशा राज्यात सप्ताह आणि कीर्तन हीच लोकांना मोकळेपणाने एकत्र बसण्याची जागा उरली होती. वंजारी समाजातून आलेले भगवानबाबा आळंदीला बंकटस्वामींजवळच शिकले. हा धागा पुढे लागणार आहे.

संस्थानाचं दुखणं काय होतं? प्रजेत मुसलमान आठात एक, आणि कचेरी, फौजदारी, फौज यांत मात्र त्यांचंच प्राबल्य. दफ्तर उर्दूत. सामान्य शेतकऱ्याला सरकार भेटे ते तीन रूपांत. एक लेव्ही वसूल करणारा अंमलदार, जो पिकाचा ठराविक हिस्सा सरकारी भावाने उचलून नेई. दुसरं रूप सरहद्दीवरचा करोडगिरी नाका. नगर किंवा सोलापूर जिल्ह्यातून गाडीभर माल आणायचा तर तिथे जकात भरल्याशिवाय पुढे सरकता येत नसे. आणि तिसरं, सावकारी व सरकारी वसुलीवर नेमलेले रोहिले, अरब, पठाण. या तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस बहुधा मुसलमान असे. शेतकऱ्याच्या मनात कर आणि धर्म यांची गाठ तिथे बसली. गावातला पिंजारीही तीच लेव्हीची ज्वारी महाग विकत घेत होता, हे कुणाच्या ध्यानात राहणार?

१९२७ साली स्थापन झालेली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन बहादूर यार जंग असेपर्यंत मुख्यतः शहरी संघटना होती. १९४४ साली ते गेले आणि पुढे सूत्रं लातूरच्या वकिलाच्या, कासिम रझवीच्या हाती आली. त्याने एक खुळं तत्त्वज्ञान गरीब मुसलमानाच्या डोक्यात भरलं, की निजाम हा फक्त प्रतीक आहे, खरे सत्ताधीश तुम्ही. ज्याच्या घरी दोन वेळची भाकर नाही त्याला खाकी कपडे, हातात भाला आणि वर ही पदवी मिळाली. हेच रझाकार. पगार मात्र कुणी देत नव्हतं. मग पगार कुठून येणार, हे सांगायला नको.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतरचे दहा महिने मराठवाड्याच्या सरहद्दीने फार सोसले. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे कॅम्प नगर, सोलापूर, बुलढाणा, यवतमाळ या बाजूंना उभे राहिले. करोडगिरी नाके जाळणं, चौक्यांवर हल्ले, अबकारीचं उत्पन्न बुडवायला शिंदीची झाडं तोडणं, आणि ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटणं, ही त्या लढ्याची ठळक कामं. त्यांचं शौर्य नाकारण्याचं कारण नाही. पण कॅम्पवाले रात्री सरहद्द ओलांडून परत जात, आणि सकाळी रझाकार येत ते त्या रात्री घरीच झोपलेल्या गावाकडे. हजारो हिंदू कुटुंबं बैलगाड्यांत संसार भरून बार्शी, सोलापूर, नगरकडे गेली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला रझाकारांनी कत्तल केली. या कुटुंबांच्या मनात जे साठत होतं, त्याचा हिशोब सप्टेंबरात निघणार होता.

एक गोष्ट मराठवाड्याच्या शालेय पुस्तकांतून निसटलेली आहे. रझाकारांविरुद्ध मुसलमानही बोलत होते. नांदेडकडे तहसीलदार असलेल्या महंमद फरीद मिर्झा यांनी रझाकारांचा धुमाकूळ डोळ्यांनी पाहून नोकरीचा राजीनामा दिला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांच्यासह काही मुसलमान गृहस्थांनी सहीनिशी पत्रक काढून भारतात सामील व्हावं असं सांगितलं. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी तीच बाजू आपल्या पत्रातून लावून धरली. त्याच महिन्यात हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. दलितांमध्येही दोन तट होते. शामसुंदर यांच्यासारखे पुढारी मजलिसबरोबर गेले, तर डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या नोव्हेंबरातच निजामाच्या बाजूने उभं राहू नका, असं जाहीर सांगितलं. पण पुढे हिशोब चुकवताना कुणी कुठल्या पत्रकावर सही केली होती, हे गावात कुणी विचारलं नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गाच्या दिशेने घुसल्या. १५ तारखेला औरंगाबाद पडलं. बीड जिल्ह्यातलं मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, तिथे गोवळकोंडा लान्सर्सने नावापुरता प्रतिकार केला आणि हत्यारं ठेवली. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. लष्करी अर्थाने ही मोहीम पाच दिवसांत आटोपली.

गावांत ती तेव्हा सुरू झाली. जुने फौजदार, शिपाई पळाले किंवा पकडले गेले, नवे अजून यायचे होते. या मधल्या पोकळीत सरहद्दीपलीकडून टोळ्या आल्या, परागंदा झालेली कुटुंबं परतली, आणि गावातल्याच काहींना आपल्या कर्जाची, बांधाची, जुन्या अपमानाची आठवण झाली. समितीने लिहिलं की काही ठिकाणी लष्करातल्या आणि पोलिसांतल्या माणसांनीही लुटीत भाग घेतला. तिचा अगदी सावध अंदाज संस्थानभरात २७ ते ४० हजार बळींचा आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले. त्यांच्यामागोमाग औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक, ज्या चारांत मिळून किमान ५ हजार माणसं मारली गेली, असं समितीला वाटलं. रझवीच्या लातुरात वीस दिवसांहून जास्त काळ हे चाललं. तिथल्या सुमारे १० हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम ३ हजार आढळले. हजाराहून जास्त मारले गेले आणि बाकीचे जीव घेऊन पळाले, असं तिने नोंदवलं. विहिरींबद्दल अहवालात जे आहे ते इथे लिहीत नाही.

मेले कोण? लायक अली, निजामाचा पंतप्रधान, नजरकैदेतून निसटून १९५० साली पाकिस्तानात गेला. रझवी शिक्षा भोगून १९५७ साली सुटला, तोही तिकडेच गेला. निजाम राजप्रमुख झाला, १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला आणि त्याला तनखाही मिळाला. किंमत मोजली ती मोमीन, पिंजारी, शिपाईगडी यांनी, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी रझवीला कधी पाहिलंही नव्हतं. आधीच्या वर्षी किंमत मोजली होती ती सरहद्दीवरच्या मराठा, वंजारी, धनगर, लिंगायत शेतकऱ्याने. दोन्ही वेळा वरचे सुटले.

आता त्या अहवालातली दुसरी नोंद. समितीला अशीही उदाहरणं भेटली, जिथे हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना स्वतःचा जीव धोक्यात घालून, प्रसंगी तो गमावूनही वाचवलं. आणि त्यातही एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये हा जिव्हाळा अधिक दिसला, असं तिने मुद्दाम लिहिलं. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासूनच वाचवलं आणि त्यापायी स्वतः मोठी झळ सोसली. पळवलेल्या स्त्रियांना परत आणण्याच्या कामातही अनेक हिंदूंनी मदत केली.

विणकरच का? मला याचं उत्तर धर्मसहिष्णुतेच्या व्याख्यानांत सापडत नाही, मागावर सापडतं. कोष्टी आणि मोमीन यांना सूत देणारा व्यापारी एकच. सुताचा भाव चढला की दोघांच्याही पोटाला चिमटा, गिरणीचं कापड स्वस्त झालं की दोघेही रिकामे. ताणा ओढायला चार हात लागले की शेजारच्या घरातून माणूस बोलवावा लागे. समोरचा माणूस आपल्याच अडचणीत आहे, हे रोज डोळ्यांनी दिसत होतं. शेतकरी आणि वसुलीवाला यांच्यात असं काही नव्हतं. त्यामुळे जमाव आला तेव्हा कोष्ट्याला त्या दारात ‘मुसलमान’ दिसण्याआधी शेजारचा मागवाला दिसला असणार. हा माझा तर्क आहे, समितीने कारण दिलेलं नाही. पण बाजाराची गावं बघत आलेल्याला तो पटावा.

समितीचं पुढे काय झालं? दिल्लीत गृहखात्याला हा अहवाल मुळीच रुचला नाही. सरदार पटेलांनी समितीच्या अधिकारालाच हरकत घेतली. अहवाल छापला गेला नाही. काही भाग अभ्यासकांच्या पुस्तकांतून बाहेर येत राहिले, पण पूर्ण प्रत दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात लोकांना पाहायला मिळाली ती २०१३ साली, म्हणजे ६५ वर्षांनी. एवढ्या काळात मराठवाड्यातल्या प्रत्येक समाजाने आपापली अर्धी गोष्ट पाठ करून घेतली. हिंदू घरांत ‘रझाकारी’च्या कहाण्या सांगितल्या गेल्या, त्या जुलै-ऑगस्ट १९४८ ला येऊन थांबत. मुसलमान घरांत ‘पोलिस ॲक्शन’च्या सांगितल्या गेल्या, त्या सप्टेंबरात सुरू होत. अनंत भालेरावांचा मुक्तिसंग्रामाचा इतिहास किंवा नरहर कुरुंदकरांचे लेख वाचणारा वर्ग वेगळा. तो दोन्ही गोष्टी शेजारी ठेवू शकत होता. पण तो वर्ग थोडका.

तरीही गावं पुन्हा उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. ती उभी राहिली ती काही शांतता समित्यांच्या सह्यांनी नव्हे. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० च्या दशकात कूळकायदा आला, दफ्तर मराठीत आलं, आणि मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. करोडगिरीचे नाके उठले. ज्या ठिकाणी सरकार आणि धर्म यांची गाठ पडत होती, ती ठिकाणंच नाहीशी झाली. बाकी काम बाजाराने केलं. दोर, खुरपी, बांगड्या, गाद्या लागतच होत्या, बैल विकायचेच होते. दलितांच्या बाबतीत मात्र ही गाडी अडली. गायरानांवरचा त्यांचा कसता ताबा गावाला खुपत राहिला, आणि दादासाहेब गायकवाडांना त्यासाठी १९५३ पासून सत्याग्रह करावे लागले. बाजारात सगळ्यांचा पैसा सारखा असला तरी बांधावर तसं नव्हतं.

बीड जिल्ह्यात आजचं वैर निराळ्या माणसांत आहे, मराठा आणि वंजारी यांच्यात. ऊसतोडीला जाणारे दोघे, कोरडवाहू शेती दोघांची, पाऊस दोघांनाही चुकवणारा. नोकऱ्या थोड्या आणि आरक्षणाच्या रांगेत दोघांच्या जागा वेगळ्या, हे भांडणाचं कारण. ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड आणि माजलगावात आमदारांची घरं पेटली. १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला एकाच जिल्ह्यात दोन प्रचंड मेळावे झाले, नारायणगडावर मराठा आंदोलक मनोज जरांगे यांचा आणि सावरगाव घाटात वंजारी समाजाच्या नेत्या पंकजा मुंडे यांचा. यातली विसंगती बघा. सावरगावचा मेळावा ज्या भगवानबाबांच्या नावाने भरतो, ते आधी नारायणगडावरच होते. तिथून निघून त्यांनी पुढे भगवानगड उभा केला, आणि त्यांना घडवणारे बंकटस्वामी ते नेकनूरचे. दोन्ही गडांवरची परंपरा एकाच माळेची, आणि गर्दी वेगवेगळी.

त्याआधी, जूनमध्ये, बीड लोकसभेचा निकाल लागला होता. फरक अवघा ६,५५३ मतांचा. त्यानंतर काही गावांत अमक्या समाजाच्या दुकानातून माल घेऊ नका, अमक्याच्या हॉटेलात चहा पिऊ नका, अशा शपथांचे व्हिडिओ फिरले आणि पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. मला या सगळ्या घटनांत ही सर्वांत धोक्याची वाटते. घर पेटलं तर विझवता येतं. उधारीची वही बंद झाली तर १९४८ मध्ये जो धागा टिकला होता तोच तुटतो. २०२५ साली बीडच्या पोलिस अधीक्षकांनी खात्यातल्या माणसांच्या छातीवरच्या पट्ट्यांवरून आडनावं काढून टाकली. उपाय म्हणून हसण्यासारखा वाटेल, पण आडनाव वाचून तक्रार घ्यायची की नाही हे ठरतं, अशी लोकांची समजूत झालेल्या जिल्ह्यात तो कुठून तरी सुरू करावाच लागतो.

आणि तरी जुनी वाट सुटलेली नाही. नेकनूरच्याच रस्त्यावर, केजच्या अलीकडे, मस्साजोग आहे. आरोपपत्राप्रमाणे तिथल्या पवनचक्की प्रकल्पाच्या कंपनीकडे २ कोटींची खंडणी मागण्यात आली होती. ६ डिसेंबर २०२४ ला काही जण प्रकल्पाच्या जागेवर गेले आणि त्यांनी तिथल्या रखवालदाराला मारहाण केली. रखवालदार दलित, मस्साजोगचाच. आपल्या गावच्या माणसाला मारताहेत हे कळल्यावर सरपंच संतोष देशमुख तिथे पोचले आणि त्यांनी मारणाऱ्यांना हुसकावलं. तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, त्यांचं अपहरण करून खून झाला. पुढे मोर्चे निघाले, मार्च २०२५ मध्ये एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, आणि राज्यभर हे मराठा विरुद्ध वंजारी असं प्रकरण म्हणून वाचलं गेलं. ६ डिसेंबरच्या दुपारी प्रकल्पाच्या फाटकाशी मात्र भांडण दोन जातींचं नव्हतं. एका बाजूला वसुलीला आलेले होते. दुसऱ्या बाजूला एक रखवालदार होता आणि त्याच्यासाठी धावून आलेला त्याच्या गावचा सरपंच.